मागच्या माणसाचा डोळा

बाबा, आपल्या अमरावतीच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे तुम्ही एक तक्ता लटकवला होता. वाचता न येणाऱ्यांचे डोळे तपासायचा, उलट्यासुलट्या इंग्रजी ई काढलेला, दवाखान्यातून बाद झालेला. ई चं तोंड कोणीकडे ते बोटानं दाखवायचं. आई पोळ्या टाकायची आणि मी जेवताना रोज तोच बघायची, त्यामुळे पाढ्यासारखा पाठ झाला होता. शेवटची ओळ अजून येते मला: वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे. दर सहा महिन्यांनी तुम्ही मला पाटावर बसवायचे, एका डोळ्यावर स्टीलची वाटी धरायला लावायचे आणि मी धडाधड बोटं दाखवायची. तुम्ही खूश व्हायचे, आईला म्हणायचे, पोरीची नजर पाह्य कशी! सरकारी नेत्रतपासनीस तुम्ही, अर्ध्या जिल्ह्याचे डोळे पाहिलेले, आणि घरच्या पोरीचा डावा डोळा अधू आहे हे मी दहा वर्षांची होईपर्यंत तुम्हाला कळलं नाही.

कळलं ते नवा तक्ता आणला त्या दिवशी. तुम्ही तो जुन्याच खिळ्यावर मुकाट लावून ठेवला होता. मी शाळेतून आले, पाटावर बसले, उजव्या डोळ्यावर वाटी धरली आणि जुनी ओळ म्हणावी तशी बोटं फिरवली. वर, उजवीकडे, खाली, खाली. समोर भलतंच होतं. आईनं लाटणं थांबवलं. मग तुम्ही म्हणालात, "पोरी, तुले खरंच दिसून राहिलं का?" मी हो म्हटलं. तुमचा हात वर गेला, पण मारला नाही तुम्ही. "पाठ केलं तू हे! दिसत नसन तं नाई म्हण ना वं. नाई म्हटलं तं मी काही करीन. खोटं हो म्हटल्यावर मी काय करू?" त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. पुढे उपचार झाले, पण उशीर झाला होता. डाव्या डोळ्यानं मला आजही चेहरा दिसतो, चेहऱ्यावरचं दिसत नाही.

आणि मग तुम्ही काय केलंत, तर गावभर सांगत सुटलात. धारणीकडच्या शिबिरात रांगेतल्या लोकांना आधी हीच गोष्ट. "दिव्याखाली अंधार, बाप्पा. माह्याच घरी चूक झाली, माह्याच हातानं. तुमी पुढच्याचं ऐकून पाठ म्हणू नका." माझ्या लग्नात सासरच्या मंडळींपुढेही तुम्हाला तेच सुचलं. मला असा राग यायचा तुमचा! चारचौघांत स्वतःची चूक मिरवायची ही कुठली हौस, असं वाटायचं. तुम्हाला जाऊन आता अठरा वर्षं झाली, आणि तो राग मला परत हवा आहे, कारण त्याच्या जागी जे आलंय ते फार वाईट आहे.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. संगणकाच्या आत एक गाभा असतो, कर्नल म्हणतात त्याला. मी ज्यावर काम करते तो कुणा एकाच्या मालकीचा नाही, जगभरातली माणसं मिळून तो लिहितात आणि कुणीही फुकट वापरतो. त्यात कॅमेऱ्याशी बोलणारा भाग असतो, ड्रायव्हर, तो मी लिहिते. कॅमेऱ्यानं चित्र पाठवलं की ते उचलायचं आणि वरच्या प्रोग्रॅमला द्यायचं, नाही आलं तर नाही आलं म्हणून सांगायचं. एवढंच. तिथं एक रीत आहे: प्रत्येक बदलाखाली आपलं नाव लिहून जबाबदारी घ्यायची, आणि ते नाव कायम राहतं. अकोल्याच्या एका छोट्या कंपनीनं डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारी पेटी बनवली, खेड्यापाड्यांत मधुमेहाच्या लोकांना तपासायला. तिचा ड्रायव्हर माझा. तुम्ही असता तर किती नाचला असतात, असं तेव्हा वाटलं होतं.

तक्रार आली की पेटीचा स्क्रीन मधेमधे काळा होतो. कॅमेऱ्याची तार हलली की एखादं चित्र यायचंच नाही. मी तीन ओळी बदलल्या. चित्र आलं नाही तर मागचंच पुन्हा द्यायचं, वर सगळं ठीक म्हणून सांगायचं. परदेशातल्या एका जाणत्या माणसानं विचारलं होतं, चूक लपवता कशाला, सरळ सांगत का नाही? मी शहाणपणा पाजळला: डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढचं चित्र येतं, कुणाचं काय बिघडणार? फोटोचं बटण दाबल्यावरही चित्र याच तीन ओळींतून जातं, आणि तेव्हा एकच चित्र घेतात, चूक सुधारायला पुढचं येतच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खाली माझं नाव लिहिलं.

गेल्या हिवाळ्यात पेटीबरोबर मी धारणीला गेले, तुमच्या शिबिरांचं गाव म्हणून हट्टानं गेले. खडबडीत रस्त्यानं जीपमध्ये पेटी मक्याच्या लाहीसारखी उडत आली, तार ढिली झालीच असणार. शिबिरात तिसऱ्या बाईचा फोटो काढला आणि तिथली नर्स म्हणाली, "मॅडम, हे तं मगाच्याच आजीचं हाय." मी हसले. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवले. पडद्यावरच्या शिरा दोन माणसांच्या सारख्या नसतात, हे तुम्हीच मला शिकवलेलं. या सारख्या होत्या, फाट्याला फाटा. समोर एक बाई बसली होती आणि माझं यंत्र मागच्या माणसाचा डोळा पाठ म्हणून दाखवत होतं.

बाकीच्या शिबिरांतले जुने फोटो काढून बघितले तेव्हा अशा जोड्या आणखी निघाल्या. कंपनीनं त्या लोकांना पुन्हा बोलावलं, पण कारण सांगितलं नाही, नेहमीची तपासणी म्हणाले. बाकीच्यांचं वेळेत निभावलं. अकोल्याच्या एका हारवालीचं नाही, तिची नजर तोवर गेली होती. तिच्या कागदावर 'पडदा चांगला' असं आलं होतं आणि तो पडदा दुसऱ्याच कुणाचा होता. मी त्याच आठवड्यात दुरुस्ती पाठवली. ही चूक माझ्याच अमुक बदलानं झाली, त्यानं एका रुग्णाची तपासणी खोटी ठरली, असं स्वच्छ इंग्रजीत लिहिलं, खाली नाव. एकानं प्रामाणिकपणाबद्दल शाबासकी दिली. मी संगणक बंद केला.

परवा मी अकोल्याला गेले. सगळं ठरवून गेले होते, बसमध्ये वाक्यं जुळवली होती. ती घराच्या ओट्यावर बसली होती, मांडीवर सुपात झेंडू आणि शेवंती, न बघता सुई चालत होती. मी विचारलं, "मावशी, डोळ्यांना काय झालं?"

"साखरेनं खाल्ले. मशीननं तं चांगलं सांगतलं होतं वं. म्या म्हटलं, चला, सुटली मी. मंग दवाखान्यात कायले जातो?" तिनं दोरा दातानं तोडला. "मशीन थोडीच खोटं बोलते बाई. माहंच नशीब फुटकं."

जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. तिनं मान माझ्याकडे वळवली, म्हणजे माझ्या आवाजाकडे. "तुमी कोन, बाई?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं. "हार पाहिजे."

तिनं एक हार उचलला, बोटांनी चाचपत गेली, मधेच थांबली आणि एक कोमेजलेली शेवंती उपटून चांगली ओवली. म्हणाली, "थांबा जरा. खराब माल मी कोनाच्या हाती देत नाई."

तो हार तुमच्या फोटोला घातला नाही मी. पिशवीतच आहे, फुलं काळी पडली. आणि हे पत्र तरी कुठं टाकणार? तुम्ही असता तर एवढंच विचारलं असतं: सांगतलं का वं तिले?

नाई, बाबा.