अलार्म वाजत नसल्याबाबत

८ सप्टेंबर, सोमवार
एका अन्यायाची नोंद करणे भाग आहे. नव्या खोलीत पंखा बरोबर मधोमध आहे. त्याच्या डावीकडे, तोल, प्रमाण, सौंदर्य वगैरे कशाचीही पर्वा न करता, छताला एक पांढरी प्लास्टिकची वाटी उपडी चिकटणार आहे. खडूने खूण झालीसुद्धा. वाटीला स्मोक अलार्म म्हणतात. चाळीस वर्षांचं घर आपण देखणं करतोय, असा माझा समज होता.

ही कल्पना प्रितमची. माझ्या बायकोचा, सुशीलाचा, धाकटा भाऊ. जवाहरनगरच्या फॅक्टरीत फायर सेक्शनला. मी म्हटलं, बाबा, तुमच्याकडे दारूगोळा असतो, आमच्याकडे पवनीत फार तर पापड भाजतात. तर म्हणे, भाऊजी, घर खोलूनच राहिले तर आताच वायर टाकून घ्या, मंग कोण भिंती फोडते? झोपायच्या दोन्ही खोल्यांत एकेक, स्वयंपाकघराबाहेर बोळीत एक, जिन्यावर एक. अन् एक वाजला का चारही वाजले पाहिजेत. म्हणजे एकाचा मूर्खपणा चौघांत वाटून.

मुलगी रीनाही त्याच पक्षात. तिची बाळंतपणाची सुट्टी संपते आहे, ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे. तिचा आठ महिन्यांचा गोलू दिवसभर माझ्याकडे राहणार, पण अलार्म लागले तरच. मी वार्ताहर, बातम्या घरूनच पाठवतो; शिवाय संस्कृतचा एम. ए. एवढी पात्रता कुठल्या पाळणाघरात मिळेल? पण नाही. वाटी पाहिजे.

१० सप्टेंबर
डोमा इलेक्ट्रिशियनने चारही लावले. टेस्टचं बटण दाबलं. शांतता. डेड पीस, मी जाहीर केलं. डोमा शिडीवर दोन्ही कानांत बोटं घालून उभा. या लोकांना कानाची स्वच्छता नेमकी कामाच्या वेळी सुचते. म्हणे, सर, कान फाटून राहिले ना! थट्टेकडे दुर्लक्ष केलं.

१२ सप्टेंबर
धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं समजावं, हे आमच्या शास्त्रीबुवांनी तर्काच्या पहिल्याच तासाला शिकवलं. त्यासाठी बॅटरी लागली नव्हती. संकल्प: स्वतःचं नाक वापरणे.

दुपारी मोठी बातमी पाठवली. 'पवनी परिसरातून रातकिडे हद्दपार.' भादवा संपत आला, एक किडा ऐकला नाही. धानाच्या बांध्यांवर फवारण्या होतात, दुसरं काय होणार! संपादक खूश. चार कॉलम देतो म्हणाले.

१५ सप्टेंबर
छापून आली. सकाळपासून सात फोन. सातही वाचक म्हणतात, आमच्याकडे रातकिडे झोपू देत नाहीत. लोकांना पर्यावरणाचं गांभीर्य नाही.

दिवेलागणीला सुशीलाने पेपर बाजूला ठेवला, खिडकी उघडली आणि माझ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, अजी, एकदा भंडाऱ्याले डॉक्टरले दाखवा ना. मी म्हटलं, किड्यांचा डॉक्टर भंडाऱ्यात नाही. हसली नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं की विनोदबुद्धी झिजते.

१८ सप्टेंबर
गोलूचा पहिला दिवस. तो आतल्या खोलीत पाळण्यात, मी अंगणाकडे तोंड करून टेबलावर. चार तासांत एकदा रडला नाही! पूर्वजन्मीचा योगी असावा. रीनाला म्हटलं, तुझ्याकडे रडतो, माझ्याकडे नाही, विचार कर. ती म्हणे, बाबा, याचा आवाज कसा काय बसला? हवापालट.

दुसरं एक निरीक्षण: हल्ली कुणी बेल दाबत नाही. थेट दार बडवतात. संस्कार संपले.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
सुशीलाने धूप घातला. दोन मिनिटांत सगळे कान झाकून अंगणात. मागच्या घरातल्या शकुनबाई पदर खोचून धावत आल्या, काय जळून राहिलं जी? देवापुढे मी एकटा निश्चल. एकाग्रता म्हणतात ती हीच. यंत्र याही वेळी वाजलं नाही. कुठेतरी डासासारखी बारीक किणकिण होती, ती घंटीची असणार.

गोलू आजही रडला नाही. कंपनीला कडक पत्र लिहायचं. उद्याच.

२३ सप्टेंबर
उद्या.

२६ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी १.१०
सुशीला शाळेत. गोलू पाळण्यात, शांत. दूध गॅसवर ठेवलं आहे. पत्राचा मसुदा:

'विषय: अलार्म वाजत नसल्याबाबत. महोदय, आपली चार यंत्रे आमच्या छतास सुमारे पंधरा दिवसांपासून निःशब्द लटकलेली असून'

त्याच दिवशी, संध्याकाळी
दूध आटलं, पातेलं जळलं, धूर बोळीतून आतल्या खोलीकडे गेला. मी उघड्या खिडकीशी. नाकाला संकल्पाची आठवण राहिली नाही. शकुनबाई मागच्या दाराने आल्या, गॅस बंद केला, गोलूला उचललं आणि माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड हलत होतं. गोलूचं तोंड सताड उघडं, चेहरा जांभळा. वर पाहिलं. वाटीवरचा लाल दिवा उघडझाप करत होता. माझा पेन 'निःशब्द'च्या पुढे होता.

मग त्या माझ्या कानाशी येऊन ओरडल्या: भाऊ, चार भोंगे बोंबलून राहिले, पोरगं बोंबलून राहिलं, अन् तुम्ही चिठ्ठी लिहून राहिले?

गोलू ठीक आहे. डॉक्टरांनी पाहिलं. रीना ऑफिसातून धावत आली. घेऊन गेली.

२७ सप्टेंबर
प्रितम आला. समोर बसून, सावकाश म्हणाला, भाऊजी, बोलणं समजते पण बारीक, चढा आवाज ऐकू येत नाही त्यायच्यासाठी वेगळा अलार्म मिळते. दिवा लखलखते, उशीखालची चकती हादरते. वायर तर टाकलेलीच आहे. एक मागवतो. मी हो म्हटलं. वाद घातला नाही, हे पाहून तो घाबरला.

यंत्र वाजतं. सगळे धावतात. एक माणूस बसून राहतो. अनुमान पहिल्याच तासाचं आहे.

वही मागे चाळली. 'रडला नाही', 'आजही रडला नाही', 'शांत'. खोडलेलं नाही.

धुराचं दिव्याने कळेल. पण गेल्या आठवड्यात आतल्या खोलीत गोलू किती वेळ मला बोलावत होता, ते आता कुणी सांगू शकणार नाही.

सोमवारी त्याला आणू का, हे रीनाने विचारलेलं नाही. आणू नये, असं मला वाटतं. आणि हे तिला सांगायचा धीर मला होत नाही.