निरुपद्रवी अशी नोंद

कलबुर्गी,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय वीरेश अण्णास,
नेत्राचा शरणु.

मी इथं बरी आहे. तू, वहिनी, मंजू, सगळे ठीक असाल. सोयाबीन निघालं असेल, तूर फुलावर आली असेल. नऊ वर्षांनी हिचं पत्र कामून, असं वाटेल तुला. फोन केला की तू कापतोस. कागद हातात आला तर निदान उघडून बघशील. आमच्या ऑफिसचे वॉचमन गुरुपादय्या आपल्या संतपूरचेच. ते गावी चाललेत, त्यांच्याजवळ देते.

परवा वहिनीचा फोन होता. तिच्यावर रागावू नकोस. मंजूच्या टॉन्सिलचं ऑपरेशन येत्या अठराला, मंगळवारी, बीदरला ठरलंय म्हणाली. सारखा घसा धरतोय, ताप येतोय, तर करून टाकलेलं बरं.

फक्त एक काम कर. आधी पोरीच्या रक्ताची एक तपासणी करून घे. तपासणीचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जोडलंय. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती दाखव, त्यांना कळेल. विशेष काही नाही. सावधगिरी म्हणून करतात आजकाल.

माझं काम चालू आहे. माणसाच्या जनुकांत जे बारीक बारीक बदल सापडतात, त्यांची एक मोठी नोंदवही आमच्या संस्थेनं संगणकावर ठेवली आहे. कुठकुठले डॉक्टर, संशोधक ती उघडून बघतात. प्रत्येक बदलापुढं लिहिलेलं असतं: धोक्याचा, निरुपद्रवी, किंवा अजून सांगता येत नाही. छापून आलेले लेख वाचून तो शब्द ठरवायचा, आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची, हे माझं काम. बहुतेक तक्रारी पासवर्ड विसरल्याच्या असतात.

तब्येतीला जप. आणि अण्णा, चिठ्ठी दाखवल्याशिवाय मंजूला आत नेऊ देऊ नकोस.

तुझी,
नेत्रा


कलबुर्गी,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

गुरुपादय्या काल परत आले. तू काय म्हणालास ते त्यांनी खाली मान घालून सांगितलं. "म्हणले, तिथं डॉक्टर हायत. तिनं आपला कॉम्प्युटर सांभाळावा. आमच्या घरात लक्ष घालायची गरज न्हाई." चिठ्ठी तू फाडलीस, हेही सांगितलं.

तुझी चूक नाही. मी खोटं लिहिलं होतं. विशेष काही नाही म्हटलं, पण आहे, आणि ते मला बारा दिवसांपासून माहीत आहे.

जूनमध्ये एका लहान दवाखान्यातल्या भूल देणाऱ्या डॉक्टरांची तक्रार आली होती, महेशकुमार त्यांचं नाव. त्यांनी लिहिलं होतं: ऑपरेशनच्या वेळी अंग ढिलं पडावं म्हणून जे इंजेक्शन देतात, त्याचा असर पाच-दहा मिनिटांत उतरायला हवा. आमच्या पेशंटला चार तास श्वास घेता आला नाही. रक्त तपासलं तर अमुक बदल निघाला. तुमच्या नोंदवहीत तो निरुपद्रवी लिहिलाय, एकदा बघता का?

मी बघितलं नाही. त्या दिवशी चाळीस तक्रारी होत्या. "आपली सूचना नोंदवून घेतली आहे," हे ठरलेलं उत्तर पाठवलं आणि तक्रार बंद केली.

एक नोव्हेंबरला त्यांचं दुसरं पत्र आलं. त्याच गावातली दुसरी बाई, तिचंही तसंच. त्यांचं श्वासाचं यंत्र नादुरुस्त होतं. दोन नर्सा आणि ते स्वतः, तिघांनी पाळीपाळीनं हातानं रबरी पिशवी दाबत साडेपाच तास तिला श्वास दिला. ती वाचली. शेवटी त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही आमची पत्रं वाचता का?"

मग मी नोंद उघडली. खाली माझंच नाव, तीन वर्षांपूर्वीची तारीख. बदल कुठल्या जागी आहे याची जुन्या लेखांतली मोजणी आजच्या मोजणीपेक्षा अठ्ठावीस घरं मागं असते. तेवढी मिळवायची मी विसरले होते. त्यामुळं धोक्याचा पुरावा भलत्याच ओळीत जाऊन बसला, आणि खऱ्या ओळीपुढं राहिलं 'निरुपद्रवी'.

चूक शोधायला तो जुना लेख पुन्हा वाचला. माणूस एरवी धडधाकट, कधी काही कळत नाही. भुलेच्या वेळी ते इंजेक्शन दिलं की मात्र तासन्‌तास श्वास परत येत नाही. अण्णा, वाचता वाचता मला अव्वा दिसली, आपली आई. गर्भपिशवीच्या साध्या ऑपरेशनला आत गेली, आतून चालत येईन म्हणाली. ऑपरेशन नीट झालं, पण श्वासच आला नाही, असंच म्हणाले होते ना ते डॉक्टर? आपण त्यांना खोटारडं म्हणालो होतो.

मी माझं रक्त तपासून घेतलं. तोच बदल माझ्यात निघाला, पण एकाच बाजूनं, त्यामुळं मला धोका नाही. दोन्ही बाजूंनी, म्हणजे आई-बाप दोघांकडून, आला तरच धोका. अव्वाचं रक्त आता नाही, खात्री कोण देणार? पण तिच्यात दोन्हीकडून असेल, तर तुझ्यात एक आहेच. आणि वहिनी मामाची मुलगी. अव्वाच्या सख्ख्या भावाची. मंजूला दोन्हीकडून मिळालं असेल तर?

फोनवर वहिनीला एवढं बोलायचा धीर झाला नाही. आपल्याच रक्तातून पोरीला आलं, असं तिच्या मनात बसेल. तिचा काही दोष नाही, तुझाही नाही. तपासणीशिवाय नेऊ नका, एवढंच म्हणाले. तर म्हणाली, "त्यांना पटल्याबिगर माझं काय चालतंय?"

नऊ वर्षांपूर्वी अव्वाच्या तिसऱ्या दिवशी भरल्या घरात मी तुला म्हणाले, सोयाबीन काढायच्या घाईत जवळचा दवाखाना गाठलास, तू मारलंस तिला. मामांनी माझं तोंड दाबलं, तरी मी म्हणतच राहिले. ते मी विसरलेले नाही. आज माझ्या बोलण्यावर विश्वास ठेव म्हणायला तोंड नाही मला. म्हणून माझ्यावर ठेवू नकोस. सोबत डॉक्टर महेशकुमारांचा नंबर दिलाय, त्यांना विचार.

हे पत्र दुपारच्या औराद गाडीच्या कंडक्टरजवळ देते. सोमवारपर्यंत निरोप आला नाही तर मी बीदरला येईन आणि दवाखान्याच्या दारात उभी राहीन. चार लोकांत हाकललंस तरी हलणार नाही.

नेत्रावती


कलबुर्गी,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय अण्णा,
शरणु.

शनिवारी तुझा एका ओळीचा मेसेज आला, "रक्त हैदराबादला पाठवलंय. तारीख पुढं ढकलली." तो मी किती वेळा वाचला असेल. आणि पुढच्या गुरुवारी वहिनीनं रिपोर्टचा फोटो पाठवला. ज्या घटकानं ते इंजेक्शन उतरतं, तो मंजूच्या रक्तात जवळजवळ नाहीच. मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. अठरा तारीख उलटून दोनच दिवस झाले होते.

मधल्या दिवसांत मी आमच्या प्रमुखांना सगळं लेखी दिलं, बंद केलेल्या तक्रारीसकट. नोंद त्याच दिवशी सुधारली. "तुझ्या हातच्या बाकी नोंदींचं काय?" त्यांनी विचारलं. बाराशेच्या वर आहेत. त्या आता दुसरे दोघे तपासायलेत. मला कामावर ठेवायचं की नाही ते पुढच्या महिन्यात ठरेल. डॉक्टर महेशकुमारांना मी माफीचं पत्र लिहिलं. "तुमच्या भावाचा फोन आला होता," एवढंच त्यांचं उत्तर आलं.

त्या चुकीच्या नोंदीच्या पानाची मोजदाद काढली. तीन वर्षांत ते चारशे बारा वेळा उघडलंय. कोणी उघडलं आणि पुढं काय केलं, हे कळायला मार्ग नाही. ज्यांचे पत्ते आहेत त्यांना कळवलं. एकतीस जणांची उत्तरं आली. आता रोज सकाळी तक्रारींची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

परवा शुक्रवारी मंजूला आत नेल्यावर तू फोन लावलास. मी "अण्णा" म्हणाले. तू काहीच बोलला नाहीस, पण फोनही ठेवला नाहीस. चपलांचे आवाज येत होते, कोणीतरी कन्नडमध्ये नाव पुकारत होतं, वहिनीचं पुटपुटणं ऐकू येत होतं. दुसरं इंजेक्शन देणार, यंत्र तयार आहे, सगळं माहीत असूनही मी फोन कानापासून हलवला नाही. एक तास दहा मिनिटं आपण दोघं तसेच होतो. मग तू म्हणालास, "उठली. पाणी मागायली." आणि फोन ठेवलास.

मला तेव्हा जे बोलायचं होतं, ते इथं लिहिते. अव्वाला तू मारलं नाहीस. घरातल्या घरात हे लिहून भागणार नाही. ज्यांच्यासमोर मी बोलले होते, त्या सगळ्यांना एकेक करून सांगणार आहे. मामांपासून सुरुवात करते.

आणि एक. वहिनीची धाकटी बहीण, भाग्या, पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे. सिझर करावं लागेल असं डॉक्टर म्हणालेत. तीही त्याच रक्ताची, तपासल्याशिवाय तिला ते इंजेक्शन नको. काल तिला फोन केला, तर म्हणाली, "अक्का, तुमचा कॉम्प्युटर चुकतोय म्हणं. तुम्हीच तर म्हणालात." पुढं काही ऐकून घेतलं नाही. तू उद्याच तिच्याकडं जा. मंजूचा रिपोर्ट बरोबर ने. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल.

तुझ्यावर खोटा आळ घेतलेली,
तुझी बहीण
नेत्रा