एका ग्लायडरची वाटणी

मी, सौ. रूपल पुनीत छाजेड, वय वर्षे ४६, राहणार खापर, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे आणि लिहिताना कोणी माझ्या मागे उभे नाही. पुढच्या महिन्यात सुरतेला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही, आणि ऑपरेशनला मी घाबरतही नाही. मी नसताना माझे ग्लायडर कोणीतरी परत एकत्र जोडेल, एवढीच भीती आहे. त्यासाठी हा कागद.

१. राहते घर आणि भंगाराचे दुकान माझ्या नावावर नाही, त्यामुळे त्याबद्दल मी काही लिहीत नाही. माझे दागिने आणि बँकेतील ठेव माझी मुलगी आयुषी हिला मिळावी. दागिने मोडून पुढे शिकायचे असेल तर तिने खुशाल मोडावेत. शिलाई मशीनही तिचेच. ती ते कधी चालवणार नाही हे मला माहीत आहे, तरी ते विकू नये.

२. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, एक नग. हे माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. ते कसे, हे लिहिणे भाग आहे.

चौदा वर्षांपूर्वी माझे पती श्री. पुनीत हे एका बंद पडलेल्या उड्डाण क्लबच्या लिलावाला गेले होते. यादीत ‘विमान’ एवढेच लिहिलेले होते. भंगारवाल्याच्या खिशात लोहचुंबक असतेच. त्यांनी ते कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने रंगवलेल्या अंगावरून फिरवले. चुंबक कुठेच चिकटले नाही. म्हणजे लोखंड नाही, म्हणजे सगळे ॲल्युमिनियम, असा त्यांनी हिशेब केला. बोटाने टकटक करून पाहिले असते तर तिथेच कळले असते, पण आवाज ऐकून दुसऱ्या व्यापाऱ्यांनी बोली वाढवली असती. म्हणून त्यांनी टकटक केली नाही, आणि दुसऱ्या कोणी बोलीच लावली नाही. याचा त्यांना रस्ताभर आनंद झाला होता.

खापरला ट्रेलर आला तेव्हा चार हमालांनी दम भरून शेपटीला हात घातला, आणि शेपटी अलगद वर आली. म्हातारा हमाल म्हणाला, “शेठ, हाई ते लाकूड शे.”

आत इंजिनही नव्हते. पातळ लाकूड, त्यावर कापड, त्यावर रंग. महिनाभर बाजारात दुसरा विषय नव्हता. माझे धाकटे दीर तरुणभाई भर पंगतीत म्हणाले की भैयांनी यंदा हवा घेतली आहे, वजन करून विकायची आहे. पुनीत हसले आणि पानावरून उठले. ते हसणे मी विसरलेले नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

माझे सासरे कै. छगनलालजी यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दुकानात बोलावले आणि बिलबुकाच्या पानावर लिहिले : “सदर विमान सौ. रूपल हिला दिले. यापुढे या विषयावर दुकानात कोणी बोलणार नाही.” खाली सही केली. बाऊजींनी मला दिलेली ही एकमेव वस्तू. मुलाची लाज झाकण्यासाठी त्यांनी ती दिली, हे मला कळत होते. कागद सोबत जोडला आहे.

३. उड्डाणांची नोंदवही आयुषीला द्यावी. ती चालकाच्या बाजूच्या कापडी खिशात सापडली. एका पानावर एका वैमानिकाने लिहिले आहे की वैशाखात दुपारी तो चार तास बारा मिनिटे वर होता, गिधाडे जिथे घिरट्या घालत होती तिथे जाऊन त्याने त्यांच्यासोबत घिरट्या घातल्या. ते वाचून मी पोत्यांच्या ढिगावर बसून राहिले. तापलेल्या नांगरटीवरून, डांबरावरून हवा वर चढते आणि तीच याला उचलते. ज्या उन्हाला आम्ही मार्चपासून नावे ठेवतो, दारे लावून ज्याच्यापासून लपतो, त्याच उन्हावर एक माणूस चार तास बसला होता. त्या दिवसापासून मी हे भंगार मानलेले नाही.

४. चालकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण शहादा तालुक्यात दिपाली पाटील यांच्याकडे आहे. त्या त्याखाली थंडीत पपईची रोपे वाढवतात. ते त्यांच्याकडेच राहावे. एकदा तडा गेला होता, तो त्यांनी स्वतः सांधला आणि मला वर्षभर सांगितले नाही. हे मी माफ केले आहे.

५. डावा पंख वाहतुकीत फाटला होता. मी त्याचे कापड सोलले तेव्हा आत बारीक फासळ्यांची रांग निघाली. जिथे कोणाची नजर कधीच पोहोचणार नव्हती तिथेही प्रत्येक सांधा घासून गुळगुळीत केलेला होता. एका सांध्यावरच्या वाळलेल्या सरसात सुताराच्या अंगठ्याचा ठसा होता. मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. तो माझ्यापेक्षा मोठा होता. हा पंख आता मोलगीच्या पलीकडे एका पाड्यावर, नवलसिंग गुरुजींच्या ओसरीत भिंतीला उभा आहे. फासळ्यांच्या मधल्या खणांत पाड्यावरची बियाणे राहतात : ज्वारी, भगर, तूर, आणि काही, ज्यांची नावे मला मराठीत माहीत नाहीत. हा पंख गुरुजींचा, आणि पुढे पाड्याचा.

६. चालकाची बैठक, चार पट्ट्यांसह. हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे.

नानीबाई याच पाड्यावरच्या सुईण. पाड्यापासून रस्ता तीन किलोमीटर खाली आहे आणि बाळंतिणीला घोंगडीच्या झोळीत घालून आणावे लागते. एका वर्षी उतारावर एक बाई झोळीतून निसटून पडली. नानीबाई बाजाराच्या दिवशी जाड दोर शोधत आमच्या दुकानात आल्या आणि ही बैठक पाहून थांबल्या. कोणाला न विचारता त्यात बसल्या, पट्टे लावून घेतले आणि दोन हमालांना उचलायला सांगितले. हमालांनी उचलले. वाकडे केले, हलवले. नानीबाई वरूनच म्हणाल्या, “हिच्यातून बाई पडणार नाही.”

दोन बांबू लावून मी ती त्यांना दिली. आजवर तेवीस बायका तिच्यात बसून खाली आल्या आहेत.

गेल्या हिवाळ्यात नवापूरच्या बाजूला महामार्गावर नवे हॉटेल बांधणारे एक शेठ दुकानात आले. त्यांना पूर्ण ग्लायडर हवे होते, बैठक, झाकण, दोन्ही पंख सगळे जोडून, दारात दिवे लावून उभे करायला. त्यांनी सांगितलेल्या किमतीत दुकानाचे पत्रे नवे झाले असते, आणि पत्रे खरोखरच गळतात. तरुणभाई लोभी नाहीत, दुकान तेच ओढतात. त्यांचे म्हणणे होते की गोळा करून आणायला एक दिवस लागेल. मी नाही म्हटले. ते पिकअप काढून बसले. मग मीही शेजारी बसले, कारण नानीबाईंसमोर त्यांना एकटे जाऊ देणे मला बरे वाटले नाही.

रस्ता संपला तिथे गाडी ठेवून आम्ही चढू लागलो. अर्ध्या वाटेत बैठक समोरून खाली येत होती. तिच्यात विशीतली एक मुलगी होती, ओठ चावत होती. नानीबाई पट्ट्यावर हात ठेवून बाजूने चालत होत्या. तेवढ्यात उचलणाऱ्या चौघांतल्या एकाचा पाय मुरगळला आणि बैठक जमिनीवर टेकवावी लागली. तरुणभाईंनी मोबाईल आणि चष्मा माझ्या हातात दिला आणि बांबूचे चौथे टोक उचलले. त्यांनी आयुष्यात कधी हमाली केलेली नाही. उतारावर नानीबाई त्यांना हळू, हळू म्हणत होत्या आणि ते मान हलवत होते.

रुग्णवाहिका आली नव्हती. बैठक तशीच आमच्या पिकअपमध्ये चढवली, दोराने बांधली आणि मोलगीच्या दवाखान्यात नेली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मग दवाखान्याबाहेर मी, तरुणभाई आणि मागे गाडीत रिकामी बैठक. ज्यासाठी ते आले होते ते त्यांच्या गाडीतच होते. डावीकडे खापर, उजवीकडे पाडा. त्यांनी गाडी सुरू केली आणि उजवीकडे वळवली. नवलसिंग गुरुजींच्या हातात बैठक देताना एवढेच बोलले, “गुरुजी, डावा पट्टा ढिला झालाय. मी नवा पाठवतो.”

पट्टा चौथ्या दिवशी पोहोचला. हॉटेलवाल्यांना त्यांनी काय सांगितले ते मी विचारलेले नाही.

तरी उद्या दुसरे कोणी येईल. म्हणून ही बैठक मी नानीबाईंना आणि त्यांच्यानंतर त्या पाड्यावर जी कोणी सुईण असेल तिला देते. घाटात रस्ता झाला आणि गाडी दारापर्यंत येऊ लागली तर तिचे काय करायचे ते त्या बायकांनी ठरवावे.

७. उजवा पंख अखंड आहे. दुकानाच्या अंगणात दगडी बाकाच्या वर तो छपरासारखा आडवा बसवला आहे आणि बाजाराच्या दिवशी डोंगरातून आलेल्या बायका जीप येईपर्यंत त्याच्या सावलीत बसतात. हा पंख मी माझे पती श्री. पुनीत यांना देते. चौदा वर्षांत ते त्याच्याखाली एकदाही बसलेले नाहीत, वळसा घालून जातात. त्यांना माझे सांगणे : तुम्ही त्या दिवशी टकटक केली असती तर यातले काहीच झाले नसते. तुमच्या त्या चुकीइतकी मोठी गोष्ट मी माझ्या हुशारीने कधी केली नाही. दरवर्षी पावसाआधी त्याला दोन हात रंग द्यावा. तो स्वतः द्यावा, माणूस लावू नये.

८. वरील वस्तू ज्यांना दिल्या त्यांनी त्या वापराव्यात, दुरुस्त कराव्यात, झिजवाव्यात. त्या पुन्हा एकत्र जोडून शोभेला उभ्या करू नयेत, मोबदला कितीही असो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आयुषीने करावी.

९. तरुणभाईंना या मृत्युपत्रात काहीही दिलेले नाही. हा राग नाही. वकिलांनी सांगितले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीला तेच हवे होते. काल मी त्यांना हा मसुदा वाचायला दिला. त्यांनी सहावे कलम दोनदा वाचले.

“भाभी, माझ्या नावावर काय केलंय यात?”

“काहीच नाही.”

“मग आणा पेन.”

ठिकाण : खापर
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : रूपल पुनीत छाजेड (सही)

आमच्या देखत वरील सही झाली व आम्ही एकमेकांसमक्ष सह्या केल्या :

साक्षीदार १ : शांतीलाल गोविंद पाटील, निवृत्त पोस्टमास्तर, खापर (सही)

साक्षीदार २ : तरुण छगनलाल छाजेड, व्यापार, खापर (सही)