डीच्या जागी ई

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार. (एका हातातला रबरी मोजा अजून काढलेला नाही, तेवढं चालवून घ्या.) पाठ कशी आहे? मामी अजून तुम्हाला रागावतात ना? रागावत असतील तर घरी सगळं ठीक आहे असं धरते.

आईने तुम्हाला सांगितलं असेल की मी पीएच.डी.साठी ‘एमआरआयची शाई’ बनवते. अगदीच चूक नाही. एक प्रथिन घडवायचं, त्याच्या खळगीत मँगनीजचा अणू बसवायचा आणि ते रोग्याला टोचायचं. अणूला पाणी शिवलं की चित्रात ती जागा उजळते. प्रथिनाने धातू घट्ट धरला पाहिजे, कारण अंगात सांडला तर औषधाचं विष व्हायचं. पण पाणी त्याला शिवूच शकणार नाही इतकं कवटाळूनही चालत नाही. दोन वर्षं माझं हेच चाललंय. लग्न जुळवणाऱ्यांचे हाल आता मला कळतात.

गेल्या आठवड्यात पाच प्रथिनांच्या पाच नळ्या इस्पितळातल्या एमआरआय यंत्रात ठेवल्या आणि पाचही लख्ख उजळल्या. मी दोन मजले धावत जाऊन सरांना सांगितलं, सगळ्या प्रयोगशाळेत बिस्किटं वाटली. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी (रोग्यांच्या रांगेतून आमच्या नळ्यांसाठी वीस मिनिटं त्याच काढून देतात) बिस्कीट खाऊन संपवलं आणि मग शांतपणे विचारलं, धातू नक्की प्रथिनाच्या आतच आहे ना? मोकळा धातूही उजळतोच की.

मग प्रथिनं बारीक छिद्रांच्या पिशव्यांत भरून दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवली. सुटा धातू बाहेर पडतो, धरलेला आत राहतो. पुन्हा पाहिलं तर चार नळ्या काळ्याठिक्कर! मँगनीज सगळं बाहेरच्या पाण्यात. म्हणजे बिस्किटं मी गळतीच्या आनंदात वाटली होती. पाचवी मात्र तशीच उजळ. सर तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ही तुला सुचली कशी?” सोमवारी सगळ्यांसमोर ते समजावून सांगायचं आहे.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. १ : सुचली वगैरे काही नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, तिच्यातली प्रत्येक कडी आम्ही एका इंग्रजी अक्षराने लिहितो. ती साखळी बनवून घेण्यासाठी कंपनीला पाठवलेल्या मागणीपत्रात एका ठिकाणी डी हवा होता, मी ई टंकला. (कळफलकावर तो डीच्या डोक्यावरच बसलेला असतो.) सरांना मात्र “विचार करून” असं सांगून बसले आहे. तुम्ही तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंत. ईचा हात डीपेक्षा एका कार्बनाने लांब असतो, एवढ्यावरून मी हे मुद्दाम केलं असं वाटेल असं काहीतरी सोमवारच्या आत सुचवा.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी राहवलं नाही, सरांना खरं सांगून आले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “चूक तुझी, प्रश्न आता आपल्या दोघांचा.” तेव्हा सबब नको. पण मामा, एका कार्बनाने एवढा फरक का पडला असेल हो?