वॉशिंग मशीनखालचा पाटा

सानपाडा, सोमवार

प्रिय जयमाला आत्या,

प्रभूमध्ये तुला सलाम. आधी कबूल करतो, मग तब्येत विचारतो. पाळकसाहेबांच्या फोनवरून चर्चच्या ग्रुपवर जो मेसेज गेला, तो मी टाकला. हां, आता सांग, गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? पत्र बघून घाबरू नको, कोण गेलेलं नाही. पप्पांना ब्लॉक करताना तू आख्ख्या घराला ब्लॉक केलंस, त्यात मी पण उडालो, म्हणून हे कुरिअर. (अक्षर चालवून घे. बारावीला दोनदा बसलो तरी सुधारलं नाही.)

तर झालं असं. चर्चमध्ये पडद्यावर गीतं दाखवायचं काम माझ्याकडे. बुधवारी पाळकसाहेब फोन माझ्या हातात देऊन चहाला गेले आणि माझ्या बोटांना खाज सुटली. मी टाइप केलं, ‘प्रियांनो, रविवारी बाकावर बसून कोणी शिष्य होत नाही. देवाचं राज्य जेवणाच्या ताटापासून सुरू होतं. ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही, त्याच्या घरी या आठवड्यात न कळवता जेवायला जा.’ खाली अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, ते वचन. (ते खरं आहे, संडे स्कूलला पाठ केलेलं. बाकीचा मसाला माझा.) मला वाटलं, एक-दोघं जातील, दारं आपटतील, आपण हसू. आत्या, लोकं खरंच गेली! माझा मेंदूच बंद पडला. आपली माणसं आमेन बोलून घरी जातात, करत काही नाहीत, या भरवशावर तर मी मस्करी केलेली!

गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात राजलक्ष्मी मावशी, सोबत नवरा आणि स्वतःचं ताट. मम्मीने क्वायरमध्ये तिला मागच्या रांगेत ढकललेलं, तेव्हापासून ती तोंड फिरवायची. मम्मी किचनमध्ये येऊन मला कुजबुजते, ‘अरे, मला वाटत होतं मी तिच्याशी बोलत नाही!’ संध्याकाळी प्रसादकाका, पप्पांचे एकदम जिगरी. पप्पा खूश, ‘ये ये, आज कसा काय?’ तर काका बोलले, ‘दोन वर्षं बोलत नाहीये मी तुझ्याशी.’ पप्पा बोलले, ‘मला वाटलं तुझा घसा बसलाय.’ शनिवारपर्यंत नऊ माणसं जेवून गेली. म्हणजे नऊ जणांचं आमच्याशी वाकडं होतं आणि आम्ही दर रविवारी त्यांना ‘शांती असो’ करत हात मिळवत होतो! पुढच्या बेलला मम्मी रडायलाच लागली. तो गॅसवाला होता. (त्यालाही बसवला. रिस्क कोण घेणार?)

काल रविवार. पाळकसाहेब उभे राहिले आणि बोलले, तो मेसेज मी लिहिला नव्हता. प्रोजेक्टरमागे माझी घामाने आंघोळ. मला वाटलं, आता नाव घेतात. पण ते बोलले, वाचून मला लाज वाटली, आणि आधीच्या पाळकसाहेबांकडे मी सहा वर्षांनी जेवून आलो. कोणी लिहिला ते विचारणार नाही. लिहिणाऱ्याने स्वतः पाळला का, तेवढं त्याने बघावं. आणि बघितलं कुठे? सरळ प्रोजेक्टरकडे.

घरी आल्या आल्या पप्पांनी वॉशिंग मशीनला मिठी मारली. मला वाटलं, उन्हात डोकं फिरलं. आत्या, तुला माहीत नसेल, आजीचा जो पाटा, ज्याच्यावरून चार वर्षं तुमचं येणंजाणं बंद, तो आमच्याकडे मशीन हलू नये म्हणून खाली घातलेला. आजीने जायच्या आधी वस्तूवस्तूवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, पाट्यावर पप्पांचं नाव निघालं आणि फुटक्या शेगडीवर तुझं. तू बोललीस, नाताळचा मसाला जन्मभर मी वाटला आणि आईने मला ही फुटकी शेगडी दिली? पप्पा बोलले, आईचा शब्द. तू शेगडी तिथेच टाकून गेलीस ती गेलीसच. काल पप्पांनी पाटा ओढून काढला, घासला, आजीच्या चादरीत गुंडाळला आणि भिंतीकडे बघत बोलले, ‘आईचा शब्द आईपाशी. ताईचे हात झिजलेत याच्यावर.’

येत्या रविवारी ते पाटा घेऊन तुझ्याकडे उलव्याला येतायत, न कळवता. तू दार उघड. बाकी काय नको.

तुझा भाचा,
तेजस

ता.क. मशीन आता धुता धुता चालत हॉलमध्ये येतं. तरी पाटा परत मागणार नाही, मम्मीने सांगितलंय.

ता.क. दुसरा. पाळकसाहेब बोलले ना, स्वतः पाळ, म्हणून लिहितो. आजीने चिठ्ठ्या बरोबर लावलेल्या. पाट्यावर तुझंच नाव होतं. मी पंधरा वर्षांचा, पाणी लावून दोन्ही सोडवल्या आणि अदलाबदल केली, कोण कसं तोंड करतं बघायला. तुझं तोंड बघितलं आणि माझी बोलतीच बंद झाली. तू नाही आत्या, मीच तुझ्याशी बोलत नव्हतो. रविवारी मी पण येतोय, पाट्याचं दुसरं टोक धरून. पप्पांना मीच सांगेन, पण जेवण झाल्यावर. शपथ घालत नाही, शिष्याने शपथ वाहू नये म्हणतात, नुसते हात जोडतो. तोवर मम्मीला नको, पाळकसाहेबांना नको, कुणाला म्हणजे कुणाला बोलू नको. वरवंटा पप्पांच्या हातात असणार आहे.