नवव्या पानावरची अक्का

तुळजापूर,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. गौरीशंकर यास अक्काचे आशीर्वाद, या खेपेला जरा हात आखडून.

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी तू मला मारलंस. वेळ तुझ्याच निरोपाखालून उतरवून घेतली आहे, तेव्हा तिच्यावर वाद नको.

तुझ्या 'लोहझेप' या चित्रकथेच्या पहिल्या भागाचं नववं पान तू आपल्या बेंबळीच्या भाऊबंदांच्या गटावर टाकलंस. सोबत एक अक्षर नाही. पानभर माझा चेहरा. तेच नाक, तोच जाड भिंगांचा चष्मा, पदराला खांद्यावर लावलेली सेफ्टीपिनसुद्धा. फोटोला हार, आणि खाली प्रेमळ, मायाळू, सोशिक अक्कास भावपूर्ण श्रद्धांजली. शाईचं काम इतकं सफाईदार की फोनवर खराच फोटो वाटला. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही. आपल्या घराण्यात अक्का एकच आहे, आणि टाकणारा तिचा सख्खा भाऊ. मग खात्री करून घेणार कोण? अशी चित्रं रोज सकाळी येतात आणि लोक हात जोडून पुढं जातात.

सात वाजून चार मिनिटांनी पहिला निरोप आला, की अक्का लिंगैक्य झाल्या. मीही त्या गटात आहे हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. चहा पीत मी माझ्यावरचे तेवीस निरोप वाचले. लातूरच्या श्रीदेवीनं लिहिलं, की अक्कांच्या हातच्या पुरणपोळीची चव विसरणं शक्य नाही. माझी पुरणपोळी आजवर तव्यावर अखंड उतरलेली नाही, हे श्रीदेवीला चांगलं ठाऊक आहे. बाकी सगळ्यांनी तुझेच तीन शब्द उचलले. सोशिक म्हणे. चौतीस वर्षं मी लोकांच्या बांधावर उभी राहून जमिनी मोजल्या. तिथं मला काय काय म्हटलं गेलं ते तुला लिहिण्याजोगं नाही, पण सोशिक कुणी म्हणालं नव्हतं.

नऊ वीसला दारात जीप. आपला चुलतभाऊ रेवणप्पा आणि सोबत सात माणसं. आता या घरात चूल पेटणार नाही म्हणून रेवणप्पाच्या सिद्धम्मानं पिठलं-भाकरी फडक्यात बांधून आणलेली. दार मीच उघडलं. रेवणप्पा खाली बघतच म्हणाला, की बाई, माती किती वाजता हाय. मी म्हणाले, की अजून ठरलेलं नाही. त्यानं मान वर केली आणि पायरीवरच बसला. पाणी प्यायल्यावर मात्र तो माझ्यावरच रागावला, की जिवंत होतात तर कळवायचं न्हाय का. आठ जणांचा चहा मृत व्यक्तीनं केला. पिठलं चांगलं होतं.

लोकांचं सोड. तू असं करावंस, याचं मला लागलं. तुला ते दिवस आठवत नाहीत का? मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात. परदेशातून जुन्या कपड्यांची खोकी यायची आणि तळाशी इंग्रजी कॉमिक्स असायची. सिस्टर ती बंबात घालायला काढायच्या आणि मी गादीखाली सरकवायचे. मे महिन्यात ट्रंकेच्या तळाशी घालून बेंबळीला आणायचे. उन्हं कलली की ओसरीवर आपण दोघं. मी वाचून मराठीत सांगायचे. शेवटची पानं बहुधा फाटलेली, म्हणून शेवट माझा.

तेव्हाच आपल्याला सगळी मेख कळली होती. वीर नेहमी अनाथ. त्याला शहाणपण शिकवणारा काका पहिल्या दहा पानांत जाणार. तो कितव्या पानावर जातो यावर आपण चिंचोके लावायचो आणि तू जिंकायचास. वीरानं चष्मा घातला की शेजारच्या टेबलावरच्या बाईला तो ओळखू येत नाही; तू विचारलं होतंस, की हिला डोळ्यांच्या शिबिराला का नेत नाहीत. दुष्ट माणूस वीराला खांबाला बांधून आपला सगळा बेत सांगत बसायचा. ते ऐकून आपले आप्पा दुकानातून म्हणाले होते, की असलं गिऱ्हाईक मला रोज एक मिळू दे. आणि बहीण असो, बायको असो, ती मरण्यासाठीच यायची. ती मेली की हा चिडणार, हा चिडला की गोष्ट सुरू होणार. आपण पोट धरून हसायचो.

आयुष्यभर शाळेच्या पुस्तकांसाठी बेडकाचे आणि बियांचे छेद काढलेस. त्रेसष्टाव्या वर्षी पहिलं स्वतःचं पुस्तक, आणि त्यात तू मला नवव्या पानावर चिडण्याची सोय म्हणून वापरलंस.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू गोड बोलतोस. कागदावर लिही.

लोभ आहे तेवढा आहे, सध्या वाढणार नाही.

तुझी (हयात) अक्का,
शिवलीला


पुणे,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास गौरीशंकरचा साष्टांग नमस्कार; उठायला सांगेपर्यंत आडवाच आहे.

चूक झाली. पान छापून हातात आलं आणि राहवलं नाही. सगळ्यांना दाखवावं म्हणून टाकलं, फोन चार्जिंगला लावला आणि फिरायला गेलो. परत आलो तर एकेचाळीस फोन येऊन गेलेले. गटावर आता खुलासा टाकला आहे. रेवणप्पा फोनवर म्हणाला, की गेलेल्या माणसानं दुसऱ्या कपाचा आग्रह केलेला मी पहिल्यांदाच बघितला.

तू मेख म्हणतेस ती मलाही कळते. पण प्रकाशकांचं म्हणणं पडलं, की नवव्या पानापर्यंत वीराला दुःख हवं, नाहीतर वाचक पुढं जात नाही. मला एकूण पानं चोवीस. मी ऐकलं.

आता एक सोय आहे. दुसरा भाग पंधरा जानेवारीला छपाईला जाईल, तोवर तुला परत आणता येतं. चार वाटा आहेत. एक, ती तू नव्हतीसच, तुझी जुळी बहीण होती. दोन, तू पुरात वाहून गेलीस आणि स्मरणशक्ती हरवली. तीन, एका शास्त्रज्ञानं तुझ्यासारखी हुबेहूब दुसरी तयार केली. चार, मुखवटा घातलेला दुष्ट म्हणजे तूच. चौथी वाट तुला शोभेल असं घरच्यांचं मत आहे, माझं नाही.

दिवाळीचा फराळ अजून उरला आहे, पण पाठवायची हिंमत होत नाही. राग उतरला की कळव.

तुझा अपराधी,
गौरीशंकर


तुळजापूर,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. गौरीशंकर यास आशीर्वाद. उठून बस, पाठ धरेल.

चारही वाटा नामंजूर. जुळी बहीण म्हणजे मारायला आणखी एक बाई. स्मरणशक्ती जायची तर ती तुमची जाते, माझी कधी गेली नाही. हुबेहूब दुसरीबद्दल सांगायचं तर एकच घराण्याला जड जाते आहे. आणि मुखवटा मी घालणार नाही, मला जे बोलायचं ते मी तोंडावर बोलते. शिवाय मेलेली माणसं दर भागात परत येऊ लागली की वाचक रडायचं सोडून देतो. हे तूच सांगितलं होतंस, दहा वर्षांचा असताना.

प्रकाशक म्हणाले, हे उत्तर माझ्याकडं चालत नाही. बांधाचा दगड सरकला की प्रत्येक शेतकरी मला सांगायचा, की बैलानं सरकवला. मी वहीत बैलाचं नाव कधीच लिहिलं नाही.

आता माझं खरं दुखणं लिहिते. माझं मरण खोटं होतं, पण ते तेवीस निरोप खरे होते. त्यात माझं काहीच नव्हतं. मी उद्या खरंच गेले तरी तेच तीन शब्द येतील, आणि ते एखाद्या न पाहिलेल्या बाईला तसेच लागू पडतील. वैजनाथकाकांची मोजणी तुला आठवते? रेवणप्पाचे वडील. दोन्ही बाजूंनी लेखी दिलं, की शिवलीलाच मोजणार. मोजणीची साखळी ओढली तर काकांच्या ताब्यातली दीड गुंठा जमीन शेजाऱ्याची निघाली. काका बांधावर येऊन म्हणाले, की पोरी, साखळी जरा सैल धर. मी सैल धरली नाही. त्यानंतर काका नऊ वर्षं माझ्याशी बोलले नाहीत, आणि दहाव्या वर्षी मुलाच्या वाटणीची मोजणी निघाली तेव्हा मलाच बोलावलं. तेवीस निरोपांत ही गोष्ट नाही. रेवणप्पानंही लिहिली नाही, आणि तो त्या बांधावर उभा होता.

मी वीर नाही, हे मला कळतं. पण मी नुसती मेलेलीही नाही. ज्या युक्तीला हसून आपण मोठे झालो, तिला तू का शरण गेलास ते लिही. खरं कारण. प्रकाशक सोडून.

पत्र रजिस्टर्ड पाठव, आमच्या गल्लीत यात्रेकरूंची गर्दी आहे, पोस्टमन घाईत असतो.

तुझी,
अक्का


पुणे,
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास नमस्कार.

खरं कारण लिहितो. हसू नकोस.

तुला मे महिना आठवतो. मला जून आठवतो. दर जूनला तू एसटीत बसून सोलापूरला जायचीस, आणि पहिला जून १९६८चा. मी सहा वर्षांचा. आईनं तुझी ट्रंक टपावर चढवली. तू खिडकीशी बसलीस आणि मागं वळून पाहिलं नाहीस. मी ओढ्यापर्यंत गाडीमागं पळालो. कंडक्टर हात हलवून म्हणत होता, की जा रं पोरा, घरला जा. घरी आलो तर तुझं ताट फळीवर पालथं घातलेलं. त्या दिवसापासून माझी गोष्ट सुरू झाली असं मला वाटत आलं आहे. चित्रं काढायला मी त्याच आठवड्यात लागलो, कारण संध्याकाळी करायला दुसरं काही नव्हतं.

प्रकाशकांनी विचारलं, की तुमच्या वीराचं दुःख काय. मी पेन्सिल घेतली तर आपोआप तेच आलं. जाणारी एसटी, धूळ, एक पोरगं. त्यांनी पान पाहिलं आणि म्हणाले, की बहीण शाळेला गेली म्हणून कुणी डोंगर उचलत नाही. मग मी फोटोला हार घातला. अक्का, त्या हाराला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तुझं मरण काढायला हात उठेना, म्हणून फोटोच काढला. आणि ते तीन शब्द मला सुचले नव्हते. असे शब्द तयारच असतात.

तुझा,
गौरीशंकर


तुळजापूर,
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

चि. गौरीशंकर यास आशीर्वाद, आज पूर्ण.

पत्र दोनदा वाचलं. हसले नाही.

तुझे प्रकाशक चुकले. बहीण शाळेला गेली म्हणून पोरं डोंगर उचलतात, फक्त ते कुणाला दिसत नाही. पण तूही चुकलास, आणि ती चूक तुझी एकट्याची नाही. मी वाचलेल्या प्रत्येक कॉमिकमध्ये ती आहे. जो मागं राहतो, त्याची गोष्ट होते. जी जाते ती संपते. तिची गाडी धुळीत दिसेनाशी झाली, की पान उलटतं आणि पोरगं मोठं होऊन उड्या मारायला लागतं. गाडीत ती पुढं कुठं गेली, तिनं काय केलं, हे कुणी काढत नाही. तूही सत्तावन्न वर्षं ओढ्याशीच उभा आहेस.

मी मागं पाहिलं नाही, कारण आईनं बजावलं होतं, की रडणाऱ्या मुलींना सिस्टर परत पाठवतात. मी अकरा वर्षांची होते. मागं पाहिलं असतं तर उतरले असते. म्हणून मी पुढच्या सीटच्या पाठीकडं बघत बसले. त्या पत्र्यावर कुणीतरी खिळ्यानं काही कोरलेलं होतं. काय, ते मी आज सांगणार नाही. माझ्या शेजारी एक म्हातारी कोंबड्यांची टोपली घेऊन बसली होती. वाटेत ती माझ्याशी काही बोलली आणि मी सोलापूरपर्यंत रडले नाही. तेही तुला माहीत नाही.

तेव्हा माझा निकाल असा. नवव्या पानावर जी मेली, तिला मेलेलीच ठेव. छापून गेलं ते गेलं, आणि मलाही एक दिवस तिथं जायचंच आहे. तिला परत आणू नकोस, तिला आधी जगू दे. दुसऱ्या भागाची चोवीस पानं तिची. पहिलं पान एसटीच्या आतलं. वीराला मागच्या काचेत लहानसा काढलास तरी पुरे, आणि तो पळत असेल तर बरं. ती हात उंचावून वीज पाडणार नाही, डोंगर उचलणार नाही, साखळी घट्ट धरेल. प्रकाशकांना हे चालत नसेल, तर त्यांना माझा पत्ता दे.

पण आतलं तू काढणार कसं? तू बाहेर होतास. मी कुठं बसले, काय पाहिलं, म्हातारी काय म्हणाली, वसतिगृहातली पहिली संध्याकाळ कशी गेली, यातलं तू मला आजवर काहीही विचारलेलं नाहीस. सुट्टीत मी आले की तू आधी ट्रंक उघडायचास.

म्हणून बुधवार, १० डिसेंबर २०२५, सायंकाळी पाचपर्यंत तुझे प्रश्न माझ्या हातात पडले पाहिजेत. फोनवर नको. कागदावर, तुझ्या अक्षरात, आणि पहिला प्रश्न त्या सीटच्या पाठीबद्दल असू दे. पाचनंतर आलेलं पत्र मी परत पाठवीन.

वाट बघते.

तुझी,
अक्का