घ्यायचं राहिलेलं नाव

पालम, चैत्र १९५८

प्रिय,

पुढची जागा मोकळीच सोडलीय. भंते लिवावं तर हात अडतो, अन् बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई असं मायनं शिकवलेलं. मनकर्णा हसायली. तिनंच मला अक्षरं शिकवली, आता तीच चुका काढायली. लेक बापावरच गेलीय!

तुमी चिवर घालून औरंगाबादच्या विहारात गेलात त्याला वरीस होत आलं. वस्तीची खबर बरी हाय. मेलेली जनावरं ओढायची तुमी बंद केलीत तवा गावानं आपलं पाणी तोडलं होतं. आता आपल्याच आडाला गोड पाणी लागलंय. कोणी वरून वाढावं म्हणून घागर घेऊन ताटकळत बसायचं न्हाई. पयली घागर मी भरली अन् तिथंच रडायला लागले बया. तुमी पायजे होतात.

तुमी सांगितलं तसं सकाळी जात्यावर बसले की श्वासाकडं ध्यान देते. आला, गेला. मन पळालं तर रागवायचं न्हाई, हळूच धरून आणायचं, म्हणालात. आणते की! पण ते पळतंय ते तुमच्याकडंच. धम्मात याला काय म्हणतात ठाव न्हाई, मला तुमची लय सय येते. तुमच्यावर राग न्हाई. मला इचारून, मी हो म्हणल्यावरच गेलात. हो म्हणताना मला तरी कुठं ठाव होतं, घर इतकं मोकळं होतंय? आडावर बाया इचारतात, बायना, तू आता सवाष्ण का कोण? मी म्हणते, मी बौद्ध हाय, झालं!

पत्राला कारण हाय. बुद्धपौर्णिमेला मनकर्णाचं लग्न ठरलंय, पाथरीच्या पोराशी. हुंडा न्हाई, कन्यादान न्हाई. लेक काय दान द्यायची वस्तू हाय का, असं तुमीच म्हणायचे. आपल्या लग्नात वाजंत्री वेशीवर बंद करून, चपला हातात घेऊन आपण गावातून मुकाट गेलो होतो. तिची वरात वाजतगाजत जाणार हाय. त्रिशरण द्यायला तुमी या. राहा म्हणणार न्हाई. सगळ्यांसंगं वाकीन, भंते म्हणीन, डोळ्याला पदर लावणार न्हाई. पाकिटावर मनकर्णानं तुमचं नवं नाव लिवलंय, ते आता सगळ्यांचं हाय. वर मोकळ्या सोडलेल्या जागेचं नाव मात्र मी इथं लिवायले, जन्मात पयल्यांदा अन् एकदाच.

लिंबाजी, या.

तुमचीच,
बायना